गोगलगाय, पोटातले पाय आणि पाठीवरच्या रेघा

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलांच्या घरात दखनी, वर्गात उर्दू आणि माझ्या तासाला मराठी. म्हण शिकवायची माझी पद्धत ठरलेली होती. फळ्यावर म्हण लिहायची, खाली अर्थ लिहायचा, ‘वरून गरीब दिसणारा पण आतून कपटी माणूस’, आणि मग वाक्यात उपयोग करायला सांगायचा. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत गुण मिळवतात. गोगलगाय नावाच्या खऱ्याखुऱ्या प्राण्याशी या सगळ्याचा काही संबंध येत नाही.

2022 च्या जुलैमध्ये तो आला.

त्या पावसाळ्यात मराठवाड्यात काय झालं होतं ते अनेकांना आठवत असेल. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सोयाबीन नुकतंच उगवून वर आलं होतं आणि रात्रीतून शेतंच्या शेतं गायब होऊ लागली. दोन पानांवर आलेली रोपं सकाळी बुडख्याशी कुरतडलेली दिसायची. गुन्हेगार होती शंखी गोगलगाय. शेतकरी बायामाणसं रात्री बॅटरी घेऊन, बादल्या भरभरून गोगलगायी वेचत होती. कित्येकांनी दुबार पेरणी केली, तीही खाल्ली गेली. शेवटी शासनाला गोगलगायीने केलेल्या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आजोळ औसा तालुक्यातलं. त्या वर्षी 10 जुलैला बकरी ईद होती. ईदला तो आजोळी गेला आणि मामूची दुसऱ्यांदा पेरलेली जमीन उघडी पडलेली पाहून परत आला. चारच दिवसांनी त्याने माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. आत मीठ आणि मिठात विरघळलेल्या गोगलगायी. शाळेच्या मागच्या भिंतीजवळून आणि नाल्याच्या कडेने त्याने आणि त्याच्या दोस्तांनी त्या गोळा केल्या होत्या. म्हणाला, “टीचर, शंखी मारे हम ने. अब मामू के खेत में नहीं जाने वाले.”

मी त्याला शाब्बासकी दिली. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या शाबासकीबद्दल आहे.

दुपारपर्यंत डब्याला वास सुटला. फेकून देण्याआधी मी तो नळाखाली धुतला, तर हातात नुसते शंख उरले. एका जुन्या वर्तमानपत्रावर पसरले आणि पाहिलं तर ते एकसारखे नव्हतेच. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाजींना हाक मारली. त्यांनी भिंग आणलं. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, शंख वेगवेगळे करत बसलो. एकूण 43 होते. त्यांतले शंखी गोगलगायीचे, म्हणजे तिच्या पिल्लांचे, फक्त 9 निघाले. उरलेले 34 दुसऱ्याच कुणाचे तरी होते. त्या 34 जणांनी मामूच्या सोयाबीनचं एक पानही खाल्लं नव्हतं.

पूर्ण वाढलेली शंखी गोगलगाय ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. मुठीएवढा शंख, बोटभर लांब शरीर. अडचण पिल्लांची आहे, कारण सगळ्याच गोगलगायींची पिल्लं आपल्याला ‘छोटी गोगलगाय’ एवढीच दिसतात. आणि रोपांचं नुकसान करण्यात पिल्लं मुळीच मागे नसतात. त्यांना कोवळं, जिवंत, हिरवं लागतं. म्हणून पिल्लू ओळखता येणं हेच कामाचं. त्या दिवशी बाजींनी मला जे शिकवलं आणि नंतर मी स्वतः पाहत गेले, ते इथे सांगते. पुढच्या पावसाळ्यात अंगणात, गच्चीवरच्या कुंड्यांत किंवा बांधावर तुम्हालाही पडताळून पाहता येईल.

पहिली गोष्ट, शंखाचा आकार. शंखी गोगलगायीचा शंख भोवऱ्यासारखा, उंचीला जास्त आणि टोकाकडे निमुळता. पिल्लू लहान असताना तो जरा बुटका, गोलसर असतो. पण टोक तेव्हाही वर निघालेलं दिसतं. आपल्या बागेत नेहमी दिसणारी दुसरी एक गोगलगाय आहे, तिचा शंख चपटा, एखाद्या बटणासारखा, पातळ आणि तेलाचा हात फिरवल्यासारखा चकचकीत. शास्त्रीय भाषेत तिला मॅक्रोक्लॅमिस म्हणतात. आमच्या 43 मध्ये अशा 21 होत्या.

दुसरी गोष्ट, रेघांची दिशा. नजर बसवायची ती खरी इथे. शंख म्हणजे गुंडाळलेली नळी. शंखी गोगलगायीच्या शंखावरच्या तपकिरी रेघा या नळीला आडव्या जातात, म्हणजे एका वेटोळ्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. शंख टोक वर करून धरला तर त्या उभ्या दिसतात. त्या सरळ नसतात. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे नागमोडी, ब्रश पुसल्यासारख्या. उलट आपल्याकडच्या काही देशी गोगलगायींच्या शंखावर पट्टा असतो आणि तो वेटोळ्याबरोबर गोल गोल फिरत जातो, पगडीच्या काठासारखा. क्रिप्टोझोना नावाच्या गोगलगायींमध्ये असे पट्टे दिसतात. आमच्याकडे अशा 3 निघाल्या. उभी रेघ की फिरता पट्टा, एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं.

तिसरी गोष्ट, बिनरेघांचे सुईसारखे शंख. कुंडी हलवली की खालच्या ओल्या मातीत एक सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे, बारीक, फिकट मेणाच्या रंगाचे शंख दिसतात. लोकांना हमखास वाटतं की ही शंखीचीच पिल्लं. नाहीत. ती वेगळी, आकाराने लहानच राहणारी गोगलगाय आहे, नाव अ‍ॅलोपीस. शंखीच्या पिल्लाचा शंख लांबीच्या मानाने रुंद असतो, हिचा लांबट आणि सडपातळ. अशा 10 होत्या.

चौथी गोष्ट, शंखाचं तोंड. शंख उलटा करून तोंडाकडे पाहायचं. शंखाच्या मधोमध जो खांब असतो, त्याचं खालचं टोक शंखी गोगलगायीत एकदम छाटल्यासारखं संपतं. चपट्या चकचकीत गोगलगायीच्या शंखाला खालून मधोमध बेंबीसारखं बारीक छिद्र असतं. शंखीला ते नसतं. आणि तोंडावर घट्ट बसणारं झाकण असेल, तर बहुधा ती नाल्यातली किंवा तळ्यातली पाणगोगलगाय असते. शंखीला असं झाकण नसतं. उन्हाळ्यात ती जमिनीत दडून बसते तेव्हा तोंडावर पांढरा चुनकट पापुद्रा चढवते. पाऊस आला की तो टाकून बाहेर येते.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, चार-पाच मिलिमीटरच्या पिल्लाच्या पातळ शंखावर या रेघा फिक्या असतात. भिंग नसेल तर ते पिल्लू ओळखू येईलच असं नाही. अशा वेळी काय करायचं? जवळपास अंडी शोधायची. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली झुबक्याने मिळतात. एका वेळी शंभर ते चारशे. ती शंखीची खूण. अंडी नष्ट करणं हा शेतकऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण प्रत्येक शंखी गोगलगाय नरही असते आणि मादीही. जोडीतली दोघंही अंडी घालू शकतात, आणि एकदा जुळल्यावर पुढे काही महिने पुन्हा पुन्हा घालू शकतात.

हे सगळं पाहून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि माझी शाबासकी परत घेतली. मुलाची नाही, माझी. म्हटलं, डब्यात 9 जणी आपल्या शोधातल्या होत्या, 34 नव्हत्या, आणि मी न पाहताच टाळ्या वाजवायला लावल्या, ही चूक माझी. मुलगा थोडा खट्टू झाला. म्हणाला, “लेकिन टीचर, सब एक जैसे ही दिखते.”

मला वाटतं, आपल्या काळातलं हे फार महत्त्वाचं वाक्य आहे. सगळे सारखेच दिसतात. आणि दिसतात सारखे म्हणून वागवायचेही सारखे.

त्याच तासाला एका मुलीने वर्तमानपत्रात वाचलेला शब्द विचारला. बातमीत शंखी गोगलगायीला ‘परकीय आक्रमक’ म्हटलं होतं. तिने विचारलं, “टीचर, बाहर से आया तो मारनाच क्या?” तिचं कुटुंब दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या गावाहून आमच्या भागात राहायला आलेलं. ती गोगलगायीबद्दल विचारत होती की आणखी कशाबद्दल, हे मी तिला विचारलं नाही. पण वर्ग एकदम शांत झाला, एवढं मला आठवतं. आमच्या मुलांना हा शब्द नवा नसतो. टीव्हीवर, रस्त्यावर, कधी बसमध्ये, त्यांनी तो माणसांसाठी वापरलेला ऐकलेला असतो. म्हणून हे उत्तर नीट द्यायला हवं असं मला वाटलं. आजही वाटतं.

शंखी गोगलगाय बाहेरची आहे हे खरं. तिचं मूळ पूर्व आफ्रिकेत. ती स्वतः चालत आली नाही. 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या. तिथून ती देशभर पसरली. गंमत म्हणजे बेन्सन हा शंखांचा मोठा जाणकार होता. भारतातल्या कितीतरी गोगलगायींना शास्त्रीय नावं त्याने दिली. ओळख उत्तम होती, परिणामांचा विचार नव्हता.

आता दुसरी बाजू पाहा. ती ज्या सोयाबीनवर तुटून पडली, ते सोयाबीन तरी कुठलं? मूळ चीनच्या बाजूचं. लातूरच्या जमिनीत ते अलीकडच्या काही दशकांत रुजलं आणि आज त्यावर घरं चालतात, मुलींची लग्नं होतात. आपल्या ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातून आली. बटाटा, टोमॅटो, पेरू तिकडूनच आले. त्यांना कुणी परके म्हणत नाही. म्हणजे बाहेरून येणं हा गुन्हा नाही, हे आपलं ताटच सांगतं. आणि ज्या शहरात आम्ही हा तास घेत होतो, ते शहर 1610 मध्ये खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला होता. गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि या कोरड्या पठारावर त्याने जमिनीखालून नहर खोदून पाणी आणलं. आमच्या कित्येक मुलांची घरं त्या नहर-ए-अंबरीच्या वाटेवर आहेत.

मी माणसांची तुलना गोगलगायीशी करत नाही. उलट, ती कुणी करू नये म्हणूनच हे सांगते आहे. शास्त्रात ‘आक्रमक’ हा शब्द एखाद्या जिवाचं मूळ गाव कोणतं यावरून लागत नाही. नव्या जागी तो काय करतो, किती वेगाने वाढतो, तिथल्या पिकांना आणि इतर जिवांना काय सोसावं लागतं, यावरून लागतो. शंखी गोगलगाय आक्रमक ठरते ती तिच्या कृतीमुळे. तिला इथे आवरणारे शत्रू कमी आहेत आणि ती शेकडो अंडी घालते म्हणून. हा हिशेब गोगलगायीच्या बाबतीत करता येतो, कारण तिच्यात निवड नसते. ती दुसरं काही होऊ शकत नाही. माणूस मात्र प्रत्येक जण वेगळा असतो. त्याची पारख त्याच्या मूळ गावावरून किंवा नावावरून करायची नसते आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कृतीवरूनही नाही. सातवीच्या मुलांना हा फरक समजतो. मोठ्यांना समजायला वेळ लागतो.

इथे कुणी शेतकरी वाचत असेल तर म्हणेल, बाई, तुमच्या मधल्या सुट्टीत हे ठीक आहे. माझ्या शेतात रात्री दहा वाजता हजारो गोगलगायी चालून येतात, तेव्हा मी भिंग घेऊन बसू का? अगदी रास्त प्रश्न आहे. नका बसू. जिथे लोंढा आला आहे तिथे वेचून मारणं हाच उपाय आहे, आणि आपल्या कृषी विद्यापीठाचे सल्लेही तेच सांगतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेने अंथरायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ जमिनीवर टाकायचं नाही, जमीन खराब होते. हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी घालायचीच, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक सूक्ष्म जंत या गोगलगायींमध्ये असू शकतो आणि तो माणसात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. आमच्या मुलांनी उघड्या हातांनी 43 गोगलगायी वेचल्या होत्या, हे नंतर लक्षात आल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

पण ओळख शेतकऱ्याच्याही फायद्याचीच आहे. लोंढा एका रात्रीत येत नाही. पहिल्या पावसानंतर बांधावर, उकिरड्याच्या कडेला उभ्या रेघांची पिल्लं दिसू लागतात. ज्याला ती ओळखता येतात, त्याच्या हातात पेरणीपूर्वी काही दिवस असतात. ज्याला येत नाहीत, तो दोन चुका करतो. एक तर शंखीचं पिल्लू पाहूनही ‘असतातच पावसाळ्यात’ म्हणून सोडून देतो. नाहीतर बागेत चार चकचकीत चपट्या गोगलगायी दिसल्या की विषारी गोळ्या आणून टाकतो. मेटाल्डिहाइडच्या या गोळ्या कुत्री आणि पाखरंही खातात आणि मरतात. त्यांचा पैसाही जातो. म्हणून ओळख पटवा असं मी म्हणते, ते काही केवळ गोगलगायींच्या दयेपोटी नाही.

आणि देशी गोगलगायींचं म्हणाल, तर त्यांचा हिशेबही मांडायला हवा. त्यांतल्या काही कधीमधी भाजीचं पान खातात, हे लपवायचं कारण नाही. पण बहुतेकींचं मुख्य अन्न कुजलेला पाला, बुरशी, शेवाळ. त्या मातीला माती बनवतात. पाखरांना अंड्यांच्या कवचासाठी लागणारा चुना त्यांच्या शंखातून मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर आपण भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातो. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. गोगलगाय संपली तर तो उजेडही कमी होतो.

घाईची किंमत किती असते, याचं एक मोठं उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर आहे. तिथेही हीच आफ्रिकी शंखी गोगलगाय पसरली. तिला संपवायला म्हणून अमेरिकेतून एक शिकारी गोगलगाय आणली गेली, जी दुसऱ्या गोगलगायींना खाते. 1955 मध्ये हवाईत, 1977 मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर. तिने शंखीला संपवलं नाही. पण तिथल्या झाडांवर राहणाऱ्या छोट्या, निरुपद्रवी पार्टुला गोगलगायी तिने इतक्या खाल्ल्या की दहाच वर्षांत मोरेआच्या रानातून त्या नाहीशा झाल्या. त्यांतल्या काही जाती केवळ प्राणिसंग्रहालयांत जपल्या म्हणून वाचल्या. दोषी सापडला नाही, शेजारी मेला. हे वाचताना मला आमचा पत्र्याचा डबा आठवला.

आपल्या शहरातली एक जागा या गोष्टीशी जोडलेली आहे, असं मला नेहमी वाटतं. दिल्ली गेटजवळचा सलीम अली सरोवर. मुलं तिथून रोज जातात, पण सलीम अली कोण हे बहुतेकांना माहीत नसतं. मुंबईतला दहा-बारा वर्षांचा एक अनाथ मुलगा, मामाकडे वाढलेला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. हातात घेतल्यावर दिसलं की तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका आहे. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. त्याने मामाला, अमीरुद्दीन तय्यबजींना विचारलं. मामांनी ‘चिमणीच आहे, खा’ म्हणून विषय संपवला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्या पक्ष्याचं नाव सांगितलं आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथून भारताला त्याचा सर्वात मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला.

त्या मुलाच्या हातातही मेलेला जीवच होता. फरक एवढाच की त्याने ठिपका पाहिला, आणि त्याच्या मोठ्यांनी तो प्रश्न गांभीर्याने घेतला. माझ्यासमोर डबा आला तेव्हा मी टाळ्या वाजवायला लावल्या.

आमच्या घरात अब्बा एक शब्द वारंवार वापरायचे, तहकीक. कुणी काही खबर आणली, शेजाऱ्याबद्दल काही बोललं, की अब्बा विचारायचे, तहकीक केली का? ऐकलेल्या गोष्टीवर कृती करण्याआधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही आमच्या दीनची शिकवण. ती आम्ही लहानपणी पाठ करतो आणि मोबाइलवर आलेला मेसेज पुढे ढकलताना विसरतो. तक्रार फक्त इतरांबद्दल नाही. ‘ते सगळे सारखेच’ हे वाक्य आपल्याबद्दल बोललं गेलं की आपल्याला लागतं. आपल्या दिवाणखान्यात इतरांबद्दल तेच वाक्य किती सहज निघतं, तेही पाहावं.

आता त्या म्हणीकडे येते. बाजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गोगलगायींच्या वर्गाचं शास्त्रीय नाव गॅस्ट्रोपोडा. ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट, पोडा म्हणजे पाय. मराठी विज्ञानात उदरपाद. म्हणजे ‘पोटात पाय’ ही बदनामी नाहीच, ते तिचं नाव आहे. गोगलगायीचं पोटाखालचं सगळं अंगच तिचा पाय असतं, काचेवर ठेवून खालून पाहिलं तर तो लाटेसारखा हलताना दिसतो. ज्या कुणा पूर्वजांनी ही म्हण केली, त्यांचं निरीक्षण शास्त्रज्ञांच्या तोडीचं होतं. पाय दिसत नाहीत, म्हणजे लपवले आहेत. लपवले आहेत, म्हणजे कपट आहे, हा अर्थ माणसांनी नंतर जोडला. तिने काहीच लपवलेलं नव्हतं. आपण तिला उचलून खालून पाहिलं नव्हतं.

म्हणीचा अर्थ मी आजही शिकवते. भाषेचा भाग आहे, परीक्षेत येतो. पण त्या तासाला आता वर्गात एक काचेची बरणी असते. मुलं आधी पाय पाहतात, मग शंख. रेघ उभी की फिरती, शंख चपटा की टोकदार, रेघाच नसतील तर तो किती बारीक. वहीत म्हणीखाली प्रत्येकाने एक शंख काढायचा आणि त्याच्या खुणा मराठीत लिहायच्या. शिवण, वेटोळं, पट्टा, निमुळतं, चकचकीत. मराठीचे इतके शब्द मी निबंधातून कधी शिकवू शकले नव्हते.

डबा आणणारा मुलगा आता कॉलेजात जातो. गेल्या पावसाळ्यात त्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. मामूच्या बांधावरच्या एका पिल्लाचा, नखाएवढ्या शंखाचा, जवळून काढलेला. खाली लिहिलं होतं, “टीचर, खड़ी लकीरें हैं. शंखीच है ना?”

मी फोटो मोठा करून पाहिला. रेघा उभ्या होत्या. मी लिहिलं, हो, शंखीच आहे. मामूंना आजच सांग, आणि आसपास अंडी शोध. हातमोजे घाल.